‘अनरिस्टोर्ड’ म्हणजे ‘ओरिजिनल’ नव्हे : मासेराती ३५०० जीटीआयची पार्श्वभूमी

जुन्या इटालियन ग्रँड टूररच्या (लांब पल्ल्याच्या वेगवान, ऐषारामी गाडीच्या) जाहिरातीत दोन शब्द जोडीने येतात : ‘अनरिस्टोर्ड’ आणि ‘ओरिजिनल’. पहिल्याचा अर्थ एवढाच की गाडी सोलून, सुटी करून, नव्याने रंगवून कुणी उभी केलेली नाही. दुसऱ्याचा अर्थ असा की ती कारखान्यातून निघाली तशीच आहे. वाचणारा दोन्ही शब्द एकाच दमात गिळतो आणि इथेच फसतो. मासेराती ३५०० जीटीआय हे त्याचं नमुनेदार उदाहरण. नावातला ‘आय’ इंजेक्शनचा, म्हणजे कार्बोरेटरऐवजी दाबाने मोजून पेट्रोल सोडणाऱ्या यंत्रणेचा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या, कुणी हात न लावलेल्या अशा गाडीचं बॉनेट उचललं तर इंजेक्शन दिसायला हवं. पुष्कळदा दिसतात ते ओळीत बसलेले तीन वेबर कार्बोरेटर.

इटलीतल्या मोदेनाच्या मासेराती कंपनीचं रेसिंगमधलं नाव सर्वांना माहीत आहे, त्यात शिरत नाही. १९५७ साल तेवढं लक्षात ठेवायचं. त्याच वर्षी तिच्या गाडीवर फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद आलं, त्याच वर्षाअखेर काराकासच्या शर्यतीत तिच्या गाड्या एकामागून एक मोडल्या, आणि १९५८ मध्ये कंपनी धनकोंच्या देखरेखीखाली गेली. तोवरच्या दहा वर्षांत तिने रस्त्यावर चालवायच्या गाड्या दीडशेच्याही आत बनवल्या होत्या. ३५०० जीटी हा पोटापाण्याचा धंदा होता. मार्च १९५७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात नमुने मांडले आणि १९६४ पर्यंत सुमारे दोन हजार कूपे (बंद छताच्या गाड्या) बाहेर पडल्या. अडीचशेच्या आतबाहेर उघड्या स्पायडर वेगळ्या.

गाडी इटालियन म्हणायची, पण मालमसाला तीन देशांचा. ३,४८५ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन मोदेनाचं, रेसच्या गाडीवरून उतरवलेलं. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. गिअरबॉक्स जर्मन झेडएफचा. मागचा अ‍ॅक्सल, ब्रेक, पुढच्या सस्पेन्शनचे भाग इंग्लंडचे. मुख्य अभियंता त्यासाठी इंग्लंडच्या फेऱ्या मारत होता. सगळं स्वतः घडवत बसायला ना पैसा होता ना वेळ.

बॉडी मिलानच्या तूरिंगची, ‘सुपरलेज्जेरा’ पद्धतीची : बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे. नावाचा अर्थ ‘अतिहलकी’. गाडी मात्र तेराशे किलोंच्या वर. रिस्टोरेशनला गाडी बघायला जाणाऱ्याने एक गोष्ट मनात ठेवावी. आपला डेंटर खिशातलं लोहचुंबक काढून पत्र्यावर फिरवतो, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी. ही युक्ती इथे चालत नाही, कारण अ‍ॅल्युमिनियमवर लोहचुंबक कुठेच चिकटत नाही. इथे बोटांनी बघायचं. दाराच्या खालच्या कडेला, चाकांच्या कमानीच्या आत, जिथे पत्रा नळीवर दुमडलेला असतो, तिथे रंगाला बारीक फोड आलेले लागतात. अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकले आणि मध्ये ओल शिरली की दोन धातूंची बॅटरी तयार होते. पत्रा पांढऱ्या भुकटीने खाल्ला जातो आणि आतली नळी गंजत राहते. वरून रंग चकचकीत असला तरी. मिलानची ती कंपनी १९६६ मध्ये बंद पडली, म्हणजे नळ्या वळवून देणारं मूळ दुकानही राहिलं नाही.

आता इंजेक्शनकडे. सुरुवातीच्या ३५०० जीटीवर वेबरचे तीन जुळे कार्बोरेटर होते आणि ताकद सुमारे २२० अश्वशक्ती. वेबरचं गाव बोलोन्या, मोदेनापासून जेमतेम चाळीस किलोमीटर. कार्बोरेटर कुरकुरला तर तो जुळवणारा कारागीर गल्लीत मिळायचा. तरीही १९६१ पासून जीटीआयवर इंग्लंडच्या लुकासचं यांत्रिक इंजेक्शन आलं. इंजेक्शनची ही पहिली इटालियन उत्पादन-गाडी. ताकद २३५ वर गेली. पंधरा अश्वशक्तीसाठी एवढा खटाटोप का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असणार. पण जर्मनांची मर्सिडीज ३०० एसएल १९५४ पासून इंजेक्शनवर धावत होती, आणि त्याच गिऱ्हाइकाला गाडी विकायची तर मागे राहून चालणार नव्हतं.

यंत्रणा कागदावर देखणी होती. विजेवरचा पंप सुमारे सात बारच्या दाबाने पेट्रोल ढकलतो. इंजिनावर फिरणारा मीटरिंग युनिट नावाचा ठोकळा ते मोजून एकेका सिलिंडरला वाटतो. त्याच्या आत फिरणारा रोटर आणि भोवतीची नळी यांच्यातली फट केसाहूनही बारीक. वंगण म्हणून निराळं काही नाही, पेट्रोल हेच वंगण. गाडी रोज चालते तोवर ठीक. दोन वर्षं उभी राहिली की पेट्रोलचा डिंक होतो आणि चालू करताना रोटर अडकतो किंवा ओरखडे उमटतात. पंप उन्हाळ्यात तापला की पेट्रोलची वाफ होते आणि गाडी सिग्नलला बंद पडते. हे जाणणारा मेकॅनिक मिलानला मिळणं मुश्किल, मग कॅलिफोर्नियात कुठून मिळणार?

उपाय साधा होता. आधीच्या ३५०० जीटीचा मॅनिफोल्ड (कार्बोरेटर इंजिनाला जोडणारा नळ्यांचा भाग) याच इंजिनावर बसत होता. इंजेक्शन काढायचं, तीन वेबर चढवायचे, संध्याकाळपर्यंत गाडी रस्त्यावर. काही गाड्यांचं हे ऑपरेशन त्या जवळजवळ नव्या असतानाच विक्रेत्याच्या गॅरेजात झालं. बाकीच्यांचं सत्तरच्या दशकात, जेव्हा १९७३ च्या तेलटंचाईनंतर तहानलेल्या जुन्या गाड्या कवडीमोल झाल्या होत्या. काढलेला मीटरिंग युनिट कुणी भंगारात घातला, कुणी वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवला. आज त्या गुंडाळीवर गाडीची किंमत हलते.

इथून वाद सुरू होतो. अशी गाडी आज हाती आली तर लुकास परत बसवायचं की वेबर राहू द्यायचे? शुद्धतावाद्यांचं म्हणणं सरळ आहे : शासीवर क्रमांक जीटीआयचा आहे, तर गाडी जीटीआयसारखी हवी. चालवणाऱ्यांचं म्हणणं असं की दोन-चार वर्षं इंजेक्शनवर आणि पन्नासेक वर्षं कार्बोरेटरवर चाललेल्या गाडीचं ‘मूळ’ नेमकं कोणतं?

मला दुसरा पक्ष जास्त पटतो, आणि त्यामागे नुसती सोय नाही. वास्तुजतनाची १९६४ ची व्हेनिस सनद सांगते की इमारतीत प्रत्येक काळाने घातलेल्या रास्त भरीचा मान ठेवावा, शैलीची एकता हे जीर्णोद्धाराचं ध्येय नव्हे. जुन्या गाड्यांच्या क्लबांच्या जागतिक महासंघाने २०१२ मध्ये हीच भाषा घेऊन स्वतःची सनद केली : आधी जतन, मग संवर्धन, रिस्टोरेशन शेवटी, आणि बदललेला भाग ओळखू यावा. आपल्याकडे हेमाडपंती देवळाला ऑइल पेंट फासतात त्यालाही जीर्णोद्धारच म्हणतात, आणि पुढे तो रंग खरवडून दगड सोलतात त्यालाही. शब्द एक, कामं उलटी. सत्तरच्या दशकात कुणा मेकॅनिकने बसवलेले वेबर हे ऑइल पेंट की रास्त भर, एवढाच खरा प्रश्न. ज्या दुरुस्तीमुळे गाडी भंगारात जायची वाचली तिला ऑइल पेंट म्हणायला मी तयार नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हे असले प्रश्न कुणी विचारत नव्हतं. १९८८ नंतर भाव भडकले आणि सट्टेबाजांनी हाताला लागेल ती इटालियन गाडी उचलली. जे मिळालं ते भराभर सोललं गेलं आणि लाल रंगवलं गेलं, मूळ रंग करडा असो की निळा. फेरारीच्या चार आसनी २५० जीटीईचं तर शिरकाण झालं. तिची बॉडी फेकून देऊन शासी-इंजिनावर दुर्मीळ, महागड्या २५० जीटीओ या रेसिंग गाडीच्या नकला उभ्या राहिल्या. १९९० नंतर बाजार कोसळला, अर्धवट सोललेल्या गाड्या खोक्यांसकट तशाच पडून राहिल्या. आज ‘प्रोजेक्ट’ म्हणून विकायला येणाऱ्यांत अशाही आहेत. त्या अनरिस्टोर्ड नाहीत, रिस्टोर्डही नाहीत.

वारं फिरलं ते या शतकात. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या लिलावात पश्चिम फ्रान्समधल्या एका शेतघरातून निघालेल्या गाड्या धुळीसकट मांडल्या गेल्या. एका फेरारीवर जुन्या मासिकांचे गठ्ठे रचलेले होते. ती एक कोटी साठ लाख युरोंच्या वर गेली. तिला चिकटून एक मासेरातीही उभी होती. त्यानंतर धूळ हीच किंमत झाली. पूर्वी विकण्याआधी गाडी धुवायचे, आता फोटो काढून होईपर्यंत फडका लावू देत नाहीत.

कायद्यालाही ही भाषा शिकावी लागली. आपल्याकडे २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची नोंदणी आणली, नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. शासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा. वेबर चढवलेली जीटीआय या अटीत बसते का, हे तपासणाऱ्याच्या मनावर. इंजिन तेच आहे, त्याला पाजणारं भांडं बदललं आहे.

सध्या एक तोडगा रूढ होतो आहे. वेबर जागेवर राहू द्यायचे आणि लुकासची सगळी यंत्रणा खोक्यात भरून गाडीसोबत विकायची. घेणाऱ्याने काय ते ठरवावं. जे पैसे ओतून इंजेक्शन परत बसवतात त्यांना एक मदत आहे : ट्रायम्फच्या टीआर५ आणि टीआर६ वर लुकासचंच यांत्रिक इंजेक्शन होतं, आणि त्या गाड्या हजारोंनी विकल्या गेल्यामुळे मीटरिंग युनिट दुरुस्त करणारे कारागीर इंग्लंडमध्ये अजून आहेत. मात्र इंजेक्शन परत बसवणाऱ्यांतले बरेच जण लुकासचा तापणारा पंप परत घालत नाहीत. त्या जागी आधुनिक जर्मन पंप घालतात, गालिच्याखाली, दिसणार नाही असा.