रंगमंचावर गेलेल्या प्रेक्षकाला कमी का दिसते?

जादूचा प्रयोग रंगात आलेला असताना जादूगार "तुमच्यापैकी कुणीतरी वर या" असे म्हणतो, तेव्हा प्रेक्षागृहातील निम्मा संशय तिथेच मावळतो. वर गेलेला माणूस आपल्यातला आहे आणि तो जादूगाराच्या अगदी हाताशी उभा आहे, तेव्हा काही हातचलाखी झालीच तर निदान त्याच्या नजरेतून ती सुटणार नाही, असे आपण गृहीत धरतो. तो आधीच पढवून बसवलेला असेल अशी शंका काहींना येते. पण कसलेल्या जादूगाराला त्याची गरज सहसा पडत नाही. अनोळखी आणि प्रामाणिक प्रेक्षकच त्याच्या अधिक कामी येतो, कारण रंगमंचावर पाऊल टाकताना त्या माणसाचे लक्ष मुख्यतः स्वतःकडेच लागलेले असते.

माल्कम ब्रेनर या मानसशास्त्रज्ञाने १९७३ साली टेबलाभोवती बसलेल्या लोकांना आळीपाळीने शब्द मोठ्याने वाचायला लावले आणि नंतर कोणाला काय आठवते ते तपासले. स्वतःची पाळी येण्याच्या जेमतेम आधी इतरांनी वाचलेले शब्द लोकांना विशेष कमी आठवत होते. पायऱ्या चढून येणाऱ्या प्रेक्षकाची अवस्था याहून फारशी वेगळी नसावी, आणि पत्त्यांचा कॅट बदलायचा असेल तर त्याहून सोयीची वेळ नाही.

त्यात भर पडते ती आज्ञाधारकपणाची. मानसशास्त्रज्ञ मार्टिन ऑर्न यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात एक मासलेवाईक हकीकत आहे. त्यांनी प्रयोगात सहभागी झालेल्यांपुढे आकड्यांनी भरलेल्या सुमारे २,००० कागदांची थप्पी ठेवली. एकेका कागदावर २२४ बेरजा करायच्या होत्या. घड्याळ काढून घेऊन "करत राहा, मी येईन" एवढेच त्यांना सांगितले गेले. साडेपाच तासांनी कंटाळला तो प्रयोगकर्ता! पुढे प्रत्येक कागद पूर्ण झाल्यावर त्याचे किमान ३२ तुकडे करायला सांगितले, तरी लोक तासन्‌तास बेरजा करत राहिले. "इकडे उभे राहा, डोळे मिटा, हात पुढे करा" या जादूगाराच्या सूचना त्या मानाने अगदीच किरकोळ आहेत.

मनगटावरील घड्याळ लांबवणारे जादूगार आधी ते मनगट घट्ट दाबतात. दाब निघून गेला तरी त्वचेवर त्याची जाणीव काही क्षण रेंगाळते आणि उतरलेले घड्याळ जागेवरच असल्यासारखे वाटते. प्रेक्षागृहातून हे स्पष्ट दिसते, हशा पिकतो, आणि ज्याचे घड्याळ गेले तो लोक का हसतात म्हणून गोंधळून पाहत राहतो.

सर्वांत रंजक भाग मात्र निवडीचा आहे. संशोधक जे ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली कॅटचे पत्ते अंगठ्याने सर्रकन सोडून दाखवत लोकांना त्यांतला एक मनात धरायला सांगितले. हे सारे अर्ध्या सेकंदाच्या आसपास आटोपत असे आणि त्यात एकच पत्ता इतरांपेक्षा किंचित जास्त वेळ दिसत असे. ९८ टक्के लोकांनी नेमका तोच पत्ता धरला आणि त्यांतील बहुतेकांना निवड सर्वस्वी आपली वाटली. याउलट, केवळ हातवारे आणि सूचक शब्द वापरून चौकटची तिर्री मनात उतरवण्याचा प्रयोग गुस्ताव कून आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने २०२० साली प्रसिद्ध केला; तिथे सुमारे १८ टक्केच लोक गळाला लागले. नुसत्या योगायोगाने हा आकडा २ टक्क्यांच्या घरात राहिला असता, म्हणून तोही कमी नाही, पण तिकीट काढून आलेल्या लोकांपुढे एवढ्या भरवशावर कोणी उभे राहणार नाही. मनातले ओळखतो म्हणणाऱ्यांच्या दाव्यांकडे म्हणूनच जरा बेतानेच पाहिलेले बरे.

शेवटी येते ती उजळणी. "पत्ते तुम्हीच पिसलेत, हवा तो पत्ता काढलात, मी हातही लावला नाही, बरोबर?" यातले एखादे विधान साफ खोटे असते, कदाचित प्रेक्षकाने पत्ते पिसलेले नसतात, नुसते कापलेले असतात. पण डोळ्यांवर प्रकाशझोत आहे, समोर शेकडो लोक आहेत आणि एवढ्या तेवढ्यावरून हुज्जत घालणे प्रशस्त दिसत नाही, म्हणून तो मान हलवतो. त्या क्षणापासून ते विधान जादूगाराचे राहत नाही, त्याच्याच साक्षीचा भाग बनते. आणि प्रयोग संपल्यावर कोणी विचारलेच, तर "पत्ते मी स्वतः पिसले होते" असे तो छातीठोकपणे सांगतो.