पार्श्वभूमी: पैठणीचं जॅकेट आणि ‘सेमी’चा घोळ

नवरीच्या पैठणीला मॅचिंग जॅकेट नवऱ्या मुलालाही हवं, ही येवल्या-नाशिकच्या दुकानांतली मागणी अलीकडची. पुरुषाच्या अंगावर पैठणी मात्र नवी नाही. पेशवाईत शेले याच विणीचे असत. दरबार गेले, तसं पुरुष गिऱ्हाईकही गेलं. उरली लग्नातली साडी, आणि ‘पैठणी’ म्हणजे साडी हेच डोक्यात बसलं. 2004 पासून टीव्हीवर आणि मग गल्लोगल्लीच्या हळदीकुंकवात ती बक्षीस म्हणून मिळू लागली, तेव्हा बाईच्या मानाचं वस्त्र ही ओळख पक्की झाली. माग, फणी, पन्हा सगळं साडीच्या मापाला बसलेलं.

2010-11 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते मात्र साडी आणि कापड दोन्हींना. त्यातल्या ‘कापड’ या शब्दावर व्हायला हवी तेवढी चर्चा झाली नाही.

खरा घोळ ‘सेमी पैठणी’ या शब्दाचा. ‘सेमी’ म्हणजे अर्धी, पण अर्धं काय? कुणी सेमी सिल्कला, म्हणजे शुद्ध नसलेल्या रेशमाला म्हणतो, कुणी जकार्डवर (मागाला जोडलेल्या नक्षीच्या यंत्रावर) काढलेल्या नक्षीला, तर कुणी थेट पॉवरलूमच्या मालाला. साडीत निवाडा सोपा असतो. हातमागावर प्रत्येक रंगाची वेगळी टिल्ली (धाग्याची छोटी कांडी) फिरते आणि रंग जिथे भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवतात, त्यामुळे पदराची नक्षी उलट बाजूनेही जवळजवळ तशीच दिसते. जकार्डच्या मालात मागे मोकळे धागे लोंबतात किंवा कापलेली टोकं दिसतात. जॅकेटला अस्तर लागतं आणि नेमकी हीच बाजू झाकली जाते. पुरुषांची मागणी सेमीकडे वळली त्याला स्वस्ताईइतकंच हे अस्तरही कारणीभूत आहे. हातमागवाल्याचं कसब जिथे दिसतं, तिथेच शिंपी पडदा टाकतो.

शिवणाच्या अडचणीही साडीतूनच आलेल्या. बिनबाह्यांच्या जॅकेटाला 45 इंच पन्ह्याचं सव्वा ते दीड मीटर कापड लागतं. साडीतली कोयरी काठ आडवा धरून विणलेली असते. काठ बटणपट्टीला उभा लावला की ती आडवी पडते. हातमागाच्या नक्षीवरून कात्री गेली तर त्या रंगाचा बाणा (आडवा धागा) सुटून दशा निघतात, म्हणून कापण्याआधी मागून फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं कापड) चिकटवावं लागतं. त्यातही जरीची तार प्लॅस्टिकची असेल तर कडक इस्त्रीने आक्रसते आणि काठाला चुण्या पडतात. फेट्याचं तर जमतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याला लांबलचक, मऊ, पातळ कापड हवं. जरीचा ताठ काठ पिळला जात नाही, म्हणून तिथे नुसती काठाची पट्टी जोडतात.

हातमागाचं जॅकेट हवं असेल तर अस्तर लावण्याआधी कापड उलटं करून पाहावं. शिवून झाल्यावर पाहायचं तर शिवण उसवावी लागते.