रास्टर प्रतिमांचे स्थळ-काळानुसार सूचीकरण

उपग्रहाने किंवा विमानातून टिपलेल्या प्रतिमा आणि स्कॅन केलेले जुने नकाशे 'कुठले?' व 'कधीचे?' हे दोन्ही प्रश्न एकदमच विचारून शोधता यावेत, यासाठी केलेली नोंदींची मांडणी. रास्टर प्रतिमा पिक्सेल नावाच्या ठिपक्यांच्या जाळीने बनते, पण सूचीत ते पिक्सेल नसतात. प्रत्येक प्रतिमेने व्यापलेल्या क्षेत्राचा बहुभुज, तिची वेळ आणि फाईलचा पत्ता एवढेच असते. लाखो फाईलींच्या संग्रहात एकही फाईल न उघडता हवी ती सापडते ती यामुळेच.

१९७२ साली पहिला लँडसॅट उपग्रह सोडला गेला. त्या मालिकेने पृथ्वीवर ठरावीक पट्ट्या आणि ओळी आखल्या. लँडसॅट ४ पासूनच्या आखणीत २३३ पट्ट्या असून एक उपग्रह दर १६ दिवसांनी त्याच पट्टीवरून जातो. पट्टी आणि ओळीचे क्रमांक सांगितले की जागा ठरते, मग उरते फक्त तारीख. ही पद्धत साधी व टिकाऊ आहे, पण ती त्या एका मालिकेपुरतीच. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या टाईल (प्रतिमेचे चौकोनी तुकडे) वेगळ्या जाळीवर बसतात, विमानातून घेतलेली छायाचित्रे कुठल्याच जाळीत बसत नाहीत. म्हणून सर्वसाधारण सूचीला बहुभुजाशिवाय गत्यंतर नाही.

बहुभुज झपाट्याने शोधण्यासाठी आर-ट्री ही रचना सर्रास वापरतात. अँटोनिन गटमन यांनी ती १९८४ मध्ये मांडली. जवळजवळची क्षेत्रे एका मोठ्या आयतात, तसे आयत आणखी मोठ्या आयतात, अशी ती उतरंड असते. दुसरा मार्ग मॉर्टन यांचा, १९६६ चा: दोन निर्देशांकांचे द्विमान (बायनरी) अंक एकमेकांत विणून एकच संख्या करायची. क्ष ५ (१०१) आणि य ३ (०११) असेल, तर य-चा अंक आधी घेऊन विणल्यावर ०११०११, म्हणजे २७ मिळतो. शेजारच्या जागांना बहुधा जवळचे क्रमांक येतात, त्यामुळे साध्या क्रमवार सूचीतही नकाशा मावतो.

काळ मात्र तिसरा अक्ष म्हणून सहज जोडता येत नाही. एक दिवस किती अंश रेखांशाइतका धरायचा, याला नैसर्गिक उत्तर नाही. जिओमेसा ही प्रणाली काळाचे कप्पे पाडते, वेगळे काही न सांगितल्यास आठवड्याचे, आणि कप्प्याच्या आत अक्षांश, रेखांश व वेळ एकत्र विणते. इतरत्र बहुधा बहुभुजाची एक आणि वेळेची दुसरी अशा दोन सूच्या ठेवून डेटाबेसला निवड करू देतात. मध्यम आकाराच्या संग्रहाला तेवढे पुरते.

खरी चूक होते ती 'वेळ' म्हणजे काय हे न ठरवल्याने. टिपल्याची वेळ आणि प्रक्रिया केल्याची वेळ वेगळी असते, तीच प्रतिमा पुन्हा प्रक्रिया होऊन नव्या आवृत्तीत येते. जुन्या नकाशाचे सर्वेक्षण एका वर्षाचे आणि छपाई दुसऱ्या वर्षाची असते. महिन्याभराच्या प्रतिमा जोडून केलेल्या मोझेकला क्षण नसतोच, असतो कालखंड. स्टॅक (STAC) या प्रतिमा-सूचीच्या खुल्या मानकात (आवृत्ती १.०, २०२१) म्हणूनच वेळेचा रकाना रिकामा ठेवून आरंभ आणि शेवट देण्याची सोय आहे. जिओसर्व्हर या नकाशे पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मोझेकमध्ये फाईलच्या नावातून तारीख काढता येते. २०२३०७१४ असे नाव असेल तर काहीच अडत नाही. पण ०५०६२३ म्हणजे पाच जून की सहा मे, हे यंत्राला कळणार नाही.

जागेच्या बाजूनेही एक फसगत नेहमीची. लँडसॅटचे दृश्य उत्तर-दक्षिण सरळ नसते, किंचित तिरके असते. सूचीत त्याचा फक्त बाह्य आयत नोंदवला, तर आयताचे कोपरे प्रत्यक्षात रिकामे राहतात. कोपऱ्यातल्या तलावाचा शोध घ्यावा, सूचीने 'प्रतिमा आहे' म्हणावे आणि उघडल्यावर नुसता काळा त्रिकोण दिसावा, असे होते. आयताने प्राथमिक चाळणी करून मग खऱ्या बहुभुजाने खात्री करणे हाच उपाय. १८० अंश रेखांश ओलांडणारा बहुभुज तिथे कापून दोन तुकडे केला नाही, तर त्याचा आयत पृथ्वीभर पसरतो.

मागितलेल्या तारखेची प्रतिमा नसेल तर? वेब मॅप सर्व्हिस या इंटरनेटवरून नकाशे पुरवण्याच्या मानकानुसार सर्व्हर सर्वांत जवळची तारीख देऊ शकतो, पण तसे केल्याची सूचना उत्तराच्या शीर्षकात (हेडरमध्ये) द्यावी लागते. ही अट महत्त्वाची आहे: पुराआधीची प्रतिमा पुरानंतरची म्हणून वाचली गेली तर निष्कर्षच उलटतो.

सूचीने फाईल दाखवल्यावर पुढचे काम फाईलच्या अंतर्गत रचनेचे. क्लाउडसाठी बांधलेल्या जिओटिफमध्ये (जागेची माहिती सोबत ठेवणाऱ्या प्रतिमा-फाईलीत) प्रतिमा छोट्या टाईलमध्ये विभागलेली असते आणि कुठली टाईल कितव्या बाइटपासून सुरू होते, हे सुरुवातीलाच लिहिलेले असते. त्यामुळे अवाढव्य फाईलमधले फक्त हवे तेवढेच बाइट मागवून तलावाचा तो तुकडा समोर येतो.