खो-खोचा गुडघा आणि मागची पाऊणशे वर्षं

सांगलीतल्या कुठल्याही शाळेच्या मैदानावर संध्याकाळी उभं राहा. पाटीवर उकिडवी बसलेली बारा-तेरा वर्षांची मुलगी 'खो' मिळाला की त्याच बैठकीतून सुसाट सुटते. पुन्हा बसते, पुन्हा सुटते. काही महिन्यांनी तिच्या गुडघ्याच्या वाटीखाली, नळीच्या वरच्या टोकाला टणक उंचवटा येतो आणि ती तिथं बोट लावू देत नाही. आजी म्हणते, "हाड वाढतंय, तेल चोळ." आजीचं निदान निम्मं खरं असतं. मांडीचा स्नायू ज्या जागी नळीला ओढतो तिथलं हाड या वयात अजून कच्चं, कूर्चेचं असतं, आणि ओढीनं तेच दुखावतं. बॉस्टनचे ऑसगुड आणि झुरिकचे श्लॅटर यांनी १९०३ साली वेगवेगळं राहून हे दुखणं लिहून ठेवलं, म्हणून त्याला दोघांचं जोडनाव आहे. तेलानं नुकसान नाही, पण सरावाचा भार उतरवल्याशिवाय ते हटत नाही.

आपल्याकडे दुखावलेल्या पोराला नेण्याची पहिली जागा तालीम होती. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, कवठेपिरानच्या मारुती मानेंनी १९६२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. तेव्हाच्या पैलवानाचा लचकलेला पाय वस्तादच बघायचा. आंबेहळद-रक्तबोळाचा गरम लेप, वरून फडकं, आणि माती बंद. नंतर आधी नुसतं चालणं, मग चार-दोन बैठका, मग हलक्या जोडीदाराशी लढत. आजचे फिजिओ टप्प्याटप्प्यानं खेळात परतायचं म्हणतात तेव्हा मला हाच क्रम आठवतो. वस्तादाला स्नायूंची नावं ठाऊक नव्हती, घाई करायची नाही एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं.

चूक व्हायची ती हाडवैद्याकडे. सहावीत झाडावरून पडलो तेव्हा मलाही एकाकडे नेलं होतं. त्यानं मनगट ओढलं, कामट्या लावल्या आणि करकचून बांधलं. माझं निभावलं. पण कोपराजवळचं हाड मोडलेल्या लहान मुलाला असं घट्ट बांधलं तर रक्तपुरवठा तुटतो, स्नायू आखडतात आणि बोटं कायमची वाकडी होतात. जर्मन सर्जन फोल्कमान यांनी १८८१ मध्येच हे सांगितलं होतं. दुसरी अडचण एक्स-रेची. मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीची चकती असते. फोटोत ती काळी रेघ दिसते आणि तिथली इजा सहज नजरेतून सुटते. टोरांटोच्या सॉल्टर आणि हॅरिस यांनी १९६३ ला या इजांचे पाच प्रकार मांडले. लहान मुलाचं हाड म्हणजे मोठ्याच्या हाडाची छोटी प्रत नव्हे, हे तेव्हापासून दवाखान्यांत मुरत गेलं.

दुसरा धागा तालमीशी कधी जुळलाच नाही. तो पोलिओचा. मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये मुंबईत अशा मुलांच्या पुनर्वसनाची संस्था उभी केली. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं आणि १९५५ ला हाजीअलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आली. म्हणजे महाराष्ट्रात ही विद्या रुजली तीच मुलांच्या पायांसाठी. आपल्याकडे मिरजेत वॉन्लेस यांचं मिशन रुग्णालय १८९४ पासूनचं, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चं. सीमेपलीकडून, कर्नाटकातूनही माणसं इथंच उपचाराला यायची.

पोलिओ हटला. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. पण त्याच्या बऱ्याच आधीपासून फिजिओच्या खाटांवर म्हाताऱ्यांचे गुडघे, कंबरा आणि अर्धांगवायू आले होते. 'शेक घेतला', 'करंट घेतला', 'वजन लावलं' हे शब्द घराघरांत गेले. त्यातून झालेली एक पंचाईत अजून निस्तरते आहे: मुलाला भिंतीला टेकून अर्ध्या बैठका घालायला सांगितल्या की वडील विचारतात, "मशीन नाही का लावणार?"

मुलं परत आली ती खेळांमुळे. कुस्ती मातीवरून मॅटवर गेली, आणि भरतीच्या अकॅडम्यांत सोळा-सतरा वर्षांची पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर धावून नळ्या दुखवून घेऊ लागली. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ ला सतराव्या वर्षी धनुर्विद्येत जगज्जेती झाली. तेवढं वर चढायचं तर शरीराला किती लहानपणी जुंपावं लागतं ते बघा. सांगलीच्या संकेत सरगरचं कोपर २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये वजन उचलतानाच दुखावलं आणि एका किलोनं सुवर्ण हुकलं. सगळ्यांनी ते टीव्हीवर पाहिलं. सांगलीचीच स्मृती मानधना जानेवारी २०१७ मध्ये गुडघ्याचा लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, दुखावून बसली आणि जूनमध्ये विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध ९०, मग वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६ धावा काढून गेली. हे उदाहरण पालक हटकून देतात. तेव्हा ती वीस वर्षांची होती, हाडांची वाढ पूर्ण झालेली, मागे बोर्डाचा सगळा ताफा. चौदा वर्षांच्या मुलाच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली असेल तर नऊ महिन्यांच्या आत मैदानावर सोडू नये, असा आता सर्वसाधारण सल्ला आहे. शिवाय नुसते महिने भरून भागत नाही. एका पायावर उड्या मारायला लावतात, दुखऱ्या पायानं चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के तरी अंतर कापलं पाहिजे.

आपल्या राज्यात खेळाला दहावीचे वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. त्यामुळे फिजिओसमोर बसलेल्या आई-वडिलांचा पहिला प्रश्न दुखण्याबद्दल नसतो. "जिल्ह्याच्या स्पर्धेआधी उभी राहील ना?" असं ते विचारतात, आणि मुलगी खाली बघून गुडघ्यावरचा उंचवटा चाचपत असते.