नागलीचा भाव कोण ठरवणार?

सुरगाण्याची स्ट्रॉबेरी, पेठची नागली (नाचणी) आणि वरई, रानातला मोह या मालाला आता नाशिक शहरात गिऱ्हाईक आहे. त्यामुळे आदिवासी गावांशी थेट व्यवसाय करायची भाषाही वाढली आहे. पण कराराचा कागद समोर आला की कोकणा किंवा महादेव कोळी वस्तीवरचा माणूस सहीला घाई करत नाही. शहरातल्यांना तो आडमुठेपणा वाटतो. खरं तर त्यामागे जुना हिशेब आहे.

१८४०च्या दशकात राघोजी भांगरे यांनी नाशिक-नगरच्या डोंगरात बंड केलं, त्याचा रोख इंग्रजांइतकाच सावकारांवर होता. १८४८ मध्ये ठाण्याला त्यांना फाशी दिलं गेलं, सावकारी मात्र राहिली. १८७८ मध्ये पेठ संस्थान नाशिक जिल्ह्यात कायमचं विलीन झालं आणि त्याच साली आलेल्या वन कायद्याने जंगलावर सरकारची पकड बसली. सरपण आणि मोह वेचायलाही परवानगीची गरज पडू लागली, तसा सावकार आणखी जवळचा झाला.

त्याच्या धंद्याची रीत म्हणजे पालेमोड. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की व्यापारी थोडे पैसे किंवा दाणे द्यायचा आणि बदल्यात उभं पीक स्वतःच्या भावाने लिहून घ्यायचा. सुगीत खळ्यावर मापही त्याचंच. म्हणजे भाव, वजन आणि कर्जाची वही, तिन्ही एकाच हातात. हे मोडायला १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झालं, मुख्यालय नाशिकला. १९७६च्या कायद्याने पालेमोडीवर बंदी आली, एकाधिकार खरेदी, म्हणजे माल फक्त सरकारी यंत्रणेने घ्यायची पद्धत, सुरू झाली आणि ठरवलेल्या भागात खासगी व्यापाऱ्याला खरेदी बंद झाली. पावसाळ्यातल्या उपासमारीसाठी खावटी कर्ज आलं. बरंचसं वसूल झालं नाही, पुढे माफ करावं लागलं.

हेतू चांगला होता, पण माझ्या मते यात एक मोठी खोट राहिली. व्यापारी बाहेर गेला, तरी भाव ठरवणारा गावाबाहेरचाच राहिला. सरकारी केंद्र कधी उघडेल आणि चुकारा कधी मिळेल, हे गावाच्या हाती नव्हतं. हातात रोकड हवी म्हणून चोरून व्यापाऱ्याकडे जाणारा माणूस मग कायद्याच्या नजरेत गुन्हेगाराचा साथीदार ठरायचा!

जमिनीचीही गोष्ट तशीच. १९७४ मध्ये जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ आलं. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला द्यायची तर पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, विक्रीला वर राज्य सरकारचीही संमती.

चित्र बदललं ते आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६च्या पेसा कायद्याने आणि २००६च्या वनहक्क कायद्याने. सुरगाणा, पेठ आणि कळवण हे तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासी क्षेत्रात, असल्याने गौण वनउपजाचा (लाकूड सोडून मोह, बांबूसारख्या मालाचा) मालक तिथली ग्रामसभा ठरली. गडचिरोलीतल्या लेखा-मेंढा गावाने २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकायचा अधिकार मिळवला, तो वनहक्क कायद्याच्या जोरावर. नाशिकमध्ये मात्र वनपट्ट्यांचे दावे रखडत गेले. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या शेतकरी मोर्चात हजारो आदिवासी होते, आणि वनहक्क ही त्यांची मुख्य मागणी होती.

त्याच साली वनउपजावर गावातच प्रक्रिया करून विक्रीसाठी वनधन योजना आली, तर उत्पादक कंपन्यांची, म्हणजे शेतकऱ्यांच्याच मालकीच्या कंपन्यांची, तरतूद २००२च्या कंपनी कायदा दुरुस्तीनेच झाली होती. माल विकणारा भागधारक होऊ शकतो, हे दिंडोरीत मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने द्राक्षात दाखवून दिलं आहे. डोंगरातल्या नागलीला प्रतवारी, साठवण आणि भांडवल नसल्याने ते अजून जड जातं.

सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी आदिवासींना जमीन खासगी कंपनीला थेट भाडेपट्ट्याने देता येईल, असं जाहीर केलं. एकरी किमान पन्नास हजार रुपये वार्षिक भाडं सांगितलं गेलं आणि लगेच विरोधही झाला. भाड्याने दिलेल्या शेतात मालकच मजूर होणार का, ही त्यातली मोठी भीती. सुरगाण्या-पेठेतून दर हंगामात द्राक्षबागांवर कामाला उतरणाऱ्या कुटुंबांना ती कुणी समजावून सांगायची गरज नाही.