पेडल दाबल्यावर नेमकं काय बदलतं?

गिटारचा आवाज बदलणारं नवं पेडल पायाखाली आलं की पहिली पाच मिनिटं ते आवडतंच. याचं एक कारण पेडलमध्ये नाही, आपल्या कानात आहे. तेच वादन एखाद-दुसऱ्या डेसिबलने वाढवलं तर ते ‘मोठं झालं’ असं सहसा जाणवत नाही. ‘भरदार झालं’, ‘जिवंत झालं’ असं वाटतं. बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मांडलेल्या आलेखांत कानाचा हा स्वभाव दिसतो. आवाज बारीक असताना खर्जातले सूर आपल्याला फारच कमी ऐकू येतात आणि पातळी वाढली की ते पुढे येतात. म्हणून पेडल पारखायचं तर चालू आणि बंद अशा दोन्ही स्थितींत आवाज सारखाच मोठा येईपर्यंत आधी ‘लेव्हल’चा नॉब फिरवावा. एवढं केल्यावर बऱ्याच पेडलांची निम्मी जादू ओसरते. उरते ती खरी.

या उरलेल्या जादूत सर्वांत रंजक प्रकरण डिस्टॉर्शनचं, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करण्याचं. त्याच्या पेडलची सुरुवात एका बिघाडातून झाली. अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सिंग कन्सोलचा एक चॅनेल बिघडला आणि बेस गिटारचा आवाज फाटून करकरीत येऊ लागला. तो तसाच ठेवला गेला आणि १९६१ मध्ये गायक मार्टी रॉबिन्सच्या गाण्यातून लोकांपर्यंत पोचला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी मग तोच फाटका आवाज मुद्दाम काढणारं सर्किट बनवण्यात पुढाकार घेतला. गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणलं.

आतली करामत साधी आहे. पिकअपमधून, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागातून, येणारा क्षीण विद्युतसंकेत आधी बराच वाढवायचा, मग त्याला ठरावीक उंचीच्या वर जाऊ द्यायचं नाही. नंतरच्या अनेक पेडलांत हे काम डायोड, म्हणजे ठरावीक व्होल्टेजनंतरच वीज वाहू देणारे छोटे भाग, करतात. सिलिकॉनचा डायोड साधारण ०.६ व्होल्टला वाट मोकळी करतो, जर्मेनियमचा ०.३ च्या आसपास. त्यामुळे तरंगाचा गोल माथा सपाट होतो. असा चपटा तरंग म्हणजे मूळ सुराबरोबर त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट वारंवारतेचे उपस्वर. वरचा आणि खालचा माथा असमान छाटला तर दुप्पट, चौपटही येतात. नॉब फिरवल्यावर ‘धार वाढली’ असं आपण म्हणतो, तेव्हा हे उपस्वर वाढलेले असतात.

हे झालं एका तारेचं. दोन तारा एकदम छेडल्या की डिस्टॉर्शन त्या दोन सुरांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूर तयार करतं. षड्ज ११० हर्ट्झचा आणि पंचम १६५ चा धरू. वजाबाकी ५५, म्हणजे षड्जाच्या बरोबर एक सप्तक खाली. कोणी न वाजवलेला खर्ज. बेरीज २७५, म्हणजे वरच्या सप्तकातला गंधार. सगळे सूर ५५ च्या पटीत बसतात, म्हणून नुसत्या सा-प ची जोडी, म्हणजे गिटारवाल्यांचा पॉवर कॉर्ड, डिस्टॉर्शनमध्ये इतका भक्कम लागतो. आता त्यात गिटारच्या पडद्यांवरचा गंधार मिसळा. तो १३८.६ हर्ट्झचा. त्याच्या दुपटीतून ११० वजा केले की १६७.२ हर्ट्झचा आगंतुक सूर उभा राहतो आणि शेजारच्या पंचमाशी सेकंदाला दोन-अडीच वेळा खटके घेत बसतो. अशा आणखी कितीतरी जोड्या जमल्या की सगळा गदारोळ. म्हणून डिस्टॉर्शन पेडल एका तारेवर वाजवून पसंत करू नये. त्यावर भरगच्च कॉर्ड छेडावा, मग ‘गेन’, म्हणजे संकेत किती वाढवायचा तो नॉब, कुठपर्यंत परवडतो ते लगेच कळतं.

डिलेची, म्हणजे सूर थोडा उशिरा पुन्हा ऐकवणाऱ्या पेडलची, गोष्ट वेगळी. १९६९ मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीर यांनी अशी चिप योजली की तिच्यात विद्युतभार तो साठवणाऱ्या एका छोट्या भागातून, म्हणजे कपॅसिटरमधून, पुढच्यात सरकत जातो, आग विझवायला माणसांनी रांगेत बादल्या पुढे द्याव्यात तसा. ४,०९६ टप्प्यांची चिप १० किलोहर्ट्झच्या ठेक्यावर चालवली तर सूर सुमारे २०५ मिलिसेकंद उशिरा बाहेर पडतो. आणखी उशीर हवा तर ठेका संथ करावा लागतो आणि मग वरचे सूर नीट पकडताच येत नाहीत. जुन्या डिलेच्या प्रतिध्वनीतला मऊ अंधूकपणा हा असा नाइलाजातून आला. आजचे डिजिटल डिले तो मुद्दाम गणित करून घालतात, हे मला फार गमतीचं वाटतं.

डिजिटल पेडलांवरचा नेहमीचा आक्षेप म्हणजे लेटन्सी, छेडणं आणि ऐकू येणं यांतला उशीर. हा आक्षेप मला बराचसा फुगवलेला वाटतो. हवेत आवाज मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो. अ‍ॅम्प्लिफायरपासून तीन मीटरवर उभा असलेला वादक नऊ मिलिसेकंद उशिरा ऐकतच असतो आणि तक्रार करत नाही. चांगल्या डिजिटल पेडलचा उशीर दोन-तीन मिलिसेकंदांचा. ब्लूटूथ हेडफोन लावून पेडल पारखणं मात्र व्यर्थ. तिथे उशीर सहज शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जातो आणि दोष बिचाऱ्या पेडलच्या माथी येतो.

शेवटचा चकवा बंद पेडलचा. गिटारच्या केबललाही धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, असते, मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड. लांब केबल जोडली की पिकअपची गुंडाळी आणि ही धारिता मिळून वरचे सूर गिळतात. काही पेडलांत बंद असतानाही चालू राहणारा बफर, म्हणजे संकेत न बदलता पुढे ढकलणारं छोटं सर्किट, असतो. तो पुढच्या केबलचा भार स्वतः उचलतो आणि आवाज उजळतो. म्हणजे बटण दाबून होणारी तुलना ‘पेडल आहे’ आणि ‘पेडल नाही’ यांच्यातली नसतेच. खरा फरक ऐकायचा तर पेडल काढून केबल थेट अ‍ॅम्प्लिफायरला लावून पाहावी. आणि जुन्या पद्धतीचं फझ, म्हणजे तो फाटका आवाज काढणारं पेडल, असेल तर त्याच्या आधी बफर ठेवूच नये. त्या सर्किटला थेट पिकअपच जोडलेला हवा असतो. मध्ये बफर आला की ते कोरडं आणि कर्कश वाजू लागतं, गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर होणारी त्याची सुंदर सफाईही जाते.