डिस्कव्हरीचा सिद्धांत आणि चर्चची कबुली

डिस्कव्हरीचा सिद्धांत म्हणजे ख्रिस्ती राजाचं जहाज ज्या किनाऱ्याला आधी लागेल तो मुलुख त्या राजाचा, मग तिथे हजारो वर्षं माणसं नांदत असली तरी, असं मानणारी युरोपातली जुनी कल्पना. पंधराव्या शतकात पोपच्या फर्मानांमधून ती कागदावर आली, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ती जमिनीच्या कायद्यात बसवली, आणि गेल्या चाळीसेक वर्षांत कॅनडा, अमेरिका, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया इथल्या चर्चनी तिथल्या आदिवासी समाजांची माफी मागितली, बऱ्याच जणांनी ही कल्पनाच जाहीरपणे नाकारली. या नोंदीत जास्त भर चर्चवर आहे, कारण यातल्या कित्येक चर्चच्या स्वतःच्या नावावरही अशा जमिनी होत्या आणि माफी किती खरी हे शेवटी तिथेच कळतं.

पोपची फर्मानं

सुरुवात पोर्तुगालपासून होते. 18 जून 1452 ला पोप निकोलस पाचवा याने पोर्तुगालचा राजा अफोन्सो पाचवा याला 'दुम दिव्हर्सास' हे फर्मान दिलं, त्यात मुसलमान आणि इतर अख्रिस्ती लोकांवर चाल करून जायची, त्यांची राज्यं आणि मालमत्ता घ्यायची आणि त्यांना कायमचं गुलाम करायची सरळ सरळ परवानगी होती. 8 जानेवारी 1455 च्या 'रोमानुस पोन्तिफेक्स'ने आफ्रिकेच्या किनाऱ्याने हिंदुस्थानाकडे जाणाऱ्या वाटेवर पोर्तुगालचा एकट्याचा हक्क मान्य केला. मग कोलंबस परत आला, स्पेनने आपला वाटा मागितला, तेव्हा पोप अलेक्झांडर सहावा याने 4 मे 1493 च्या 'इंतेर चेतेरा'मधून अटलांटिक समुद्रात उत्तर-दक्षिण एक रेघ मारली आणि रेघेच्या पश्चिमेला जे काही सापडेल ते स्पेनला देऊन टाकलं, आणि पुढच्या वर्षी तोर्देसिल्यासच्या तहात दोन्ही राजांनी ती रेघ आपसात बोलून आणखी पश्चिमेला सरकवली. ज्यांचे देश या रेघेच्या अल्याड-पल्याड पडले त्यांना कुणी विचारलंही नाही.

चर्चमध्ये तेव्हाही सगळे एका मताचे नव्हते हे नोंदवायलाच हवं. 1537 मध्ये पोप पॉल तिसरा याने 'सुब्लिमिस देउस'मध्ये स्पष्ट म्हटलं की हे लोक ख्रिस्ती नसले तरी त्यांचं स्वातंत्र्य आणि त्यांची मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. पण तोवर मेक्सिको आणि पेरू पडले होते आणि जमिनीवर या शब्दांचा फारसा उपयोग झाला नाही.

आपल्याकडचा धागा गोव्यातून येतो. याच फर्मानांच्या जोरावर पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या चर्चवर अधिकार मिळाला, त्यालाच पाद्रुआदो म्हणतात, आणि त्या अधिकाराखाली 1540 च्या सुमारास तिसवाडीतली देवळं पाडली गेली, 1541 मध्ये त्या देवळांच्या जमिनींचं उत्पन्न नव्या ख्रिस्ती संस्थांकडे वळवलं. मंगेशाचं देवस्थान 1560 च्या सुमारास कुशस्थळीहून नदीपलीकडे प्रियोळला गेलं ते याच काळात, ही गोष्ट गोमंतकीय घरांमध्ये अजून सांगितली जाते. तरी गोवा आणि कॅनडा एकाच मापाने मोजू नयेत असं मला वाटतं, कारण गोव्यातले आजचे बहुतेक ख्रिस्ती हे बाहेरून येऊन वसलेल्यांचे वंशज नाहीत, ते त्याच गावांतल्या गावकऱ्यांचे वंशज आहेत. कॅनडा-अमेरिकेत मूळ लोकांना हटवून त्यांच्या जागी दुसरी माणसंच आणून वसवली गेली.

कोर्टात काय झालं

अमेरिकेने पोपला मानायचं काही कारण नव्हतं, तरी कल्पना तीच घेतली. 1823 च्या जॉन्सन विरुद्ध मॅकिन्टॉश या खटल्यात एका बाजूने पियान्केशॉ वगैरे जमातींकडून थेट घेतलेली जमीन होती आणि दुसऱ्या बाजूने सरकारकडून घेतलेली. खटला दोन गोऱ्या पार्ट्यांमधला, जमातीचा माणूस कोर्टात नाहीच. चीफ जस्टिस जॉन मार्शल यांनी निकाल दिला की शोध लावणाऱ्या युरोपीय सत्तेकडे मालकी गेली, ती पुढे अमेरिकेकडे आली, आणि मूळ लोकांकडे फक्त वहिवाट उरली. ज्याने कधी सातबारा हातात घेतलाय त्याला हा फरक लगेच समजेल: पिढ्यानपिढ्या कसताय, राहताय, पूर्वज तिथेच पुरलेत, पण मालकाच्या रकान्यात नाव दुसऱ्याचं, आणि विकायची झाली तर फक्त त्यालाच विकायची.

हा निकाल आजपर्यंत रद्द झालेला नाही. ओनायडा या मूळ जमातीच्या लोकांनी न्यूयॉर्क राज्यात आपलीच जुनी जमीन बाजारभावाने परत विकत घेतली आणि तिथे आपलं राज्य चालतं म्हणून शेरिल शहराचा टॅक्स भरायला नकार दिला, तेव्हा 2005 मध्ये सुप्रीम कोर्टाने 8 विरुद्ध 1 मतांनी त्यांच्या विरोधात निकाल दिला. निकालपत्र लिहिलं रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी आणि त्याच्या पहिल्याच तळटीपेत डिस्कव्हरीच्या सिद्धांताचा उल्लेख आहे. ऑस्ट्रेलियात मात्र 3 जून 1992 च्या माबो निकालाने 'ही जमीन कुणाचीच नव्हती' हा दावा हायकोर्टानेच, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टानेच, मोडीत काढला.

सडबरीतला दगडांचा ढीग

चर्चच्या माफीची गोष्ट सांगायची तर कॅनडापासून सांगावी लागते. युनायटेड चर्च ऑफ कॅनडा हा मेथडिस्ट, काँग्रिगेशनल आणि बरेचसे प्रेस्बिटेरियन एकत्र येऊन 1925 मध्ये झालेला मोठा प्रोटेस्टंट पंथ. 1985 मध्ये अल्बर्टा बिली या आदिवासी सभासद बाईंनी चर्चच्या कार्यकारिणीत उभं राहून सांगितलं की आता तुम्ही आमची माफी मागायची वेळ झालीये. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ऑन्टारियोतल्या सडबरीला चर्चची महासभा भरली, आत चर्चा चालू होती आणि बाहेर आदिवासी वडीलधारी मंडळी तंबूत अग्नीजवळ निर्णयाची वाट बघत बसली होती, ठराव झाल्यावर चर्चचे प्रमुख रॉबर्ट स्मिथ स्वतः बाहेर गेले आणि तिथे माफी वाचली. त्याचा आशय असा की ख्रिस्ताचा संदेश आणि पाश्चात्त्य राहणी यांची आम्ही गल्लत केली, तुमच्याकडे आधीपासून असलेलं आध्यात्मिक धन आम्हाला दिसलं नाही.

यानंतर जे झालं ते या सगळ्या विषयात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 1988 मध्ये आदिवासी मंडळींनी उत्तर दिलं: माफी मागितलीत याची आम्ही नोंद घेतो, पण ती स्वीकारत नाही, आधी ती जगून दाखवा. सडबरीत त्या प्रसंगाची खूण म्हणून दगड रचून एक ढीग उभा केलाय, तो मुद्दाम अर्धवट ठेवलाय, काम बाकी आहे म्हणून. माफी मागितली की समोरच्याने माफ केलंच पाहिजे असं आपण सगळेच धरून चालतो, पण इथे ज्यांचं नुकसान झालं त्यांनी शेवटचा शब्द आपल्याकडे ठेवला, आणि चर्चनेही तो मान्य केला.

गंमत नव्हे ती, फार गंभीर गोष्ट, की 1986 च्या त्या माफीत निवासी शाळांचा उल्लेखच नव्हता. सरकारच्या पैशाने आणि कॅथलिक, अँग्लिकन, युनायटेड, प्रेस्बिटेरियन अशा चर्चच्या हाताने चाललेल्या या शाळांमध्ये सुमारे 1,50,000 आदिवासी मुलं घरापासून तोडून ठेवली गेली, भाषा बोलली तर मार, आणि हजारो मुलं परत आलीच नाहीत. मुलं गेली की गावं मोकळी होतात, पुढची पिढी जमिनीवरचा हक्क सांगायला उरत नाही, त्यामुळे शाळा आणि जमीन हे दोन वेगळे विषय नाहीत. अँग्लिकन चर्चचे प्रमुख मायकल पीअर्स यांनी 1993 मध्ये शाळांबद्दल माफी मागितली, प्रेस्बिटेरियननी 1994 मध्ये, युनायटेड चर्चने 1998 मध्ये. 2015 मध्ये कॅनडातल्या निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाने 94 मागण्या ठेवल्या आणि त्यातली 49 वी सरळ सगळ्या धर्मसंस्थांना उद्देशून होती की डिस्कव्हरीचा सिद्धांत नाकारा.

तोवर काहींनी नाकारलाही होता. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चने 2009 मध्ये, कॅनडाच्या अँग्लिकननी 2010 मध्ये, वर्ल्ड काउन्सिल ऑफ चर्चेसच्या कार्यकारिणीने फेब्रुवारी 2012 मध्ये, आणि मग बाकीचे ओळीने. नोव्हेंबर 2016 मध्ये अमेरिकेत सू लोकांच्या स्टँडिंग रॉकला तेलाच्या पाइपलाइनविरुद्ध आंदोलन चालू असताना वेगवेगळ्या पंथांचे 500 हून जास्त धर्मगुरू तिथे जमले, त्यांनी 'इंतेर चेतेरा'ची प्रत वडीलधाऱ्यांच्या हाती दिली आणि ती तिथे जाळण्यात आली.

रोमचं उत्तर

आयोगाने पोपनी कॅनडात येऊन एका वर्षात माफी मागावी असं म्हटलं होतं, प्रत्यक्षात सात वर्षं लागली. 25 जुलै 2022 ला पोप फ्रान्सिस यांनी अल्बर्टातल्या मस्कवाचिसला माफी मागितली, आणि तीन दिवसांनी क्युबेकजवळ सँत-ॲन-द-बोप्रेच्या मिस्सामध्ये (कॅथलिक प्रार्थनेत) दोन आदिवासी बायकांनी सगळ्यांसमोर सिद्धांत रद्द करा असं लिहिलेलं बॅनर उलगडलं. 30 मार्च 2023 ला व्हॅटिकनच्या दोन खात्यांनी मिळून निवेदन काढलं की हा सिद्धांत कॅथलिक शिकवणीचा भाग नाही, आदिवासींचे मूळ हक्क न मानणाऱ्या कल्पना चर्च नाकारते. निवेदन मोठं आहे यात वाद नाही. पण त्याच निवेदनात असंही आहे की त्या फर्मानांचा वसाहतवादी सत्तांनी राजकारणासाठी गैरवापर केला, आणि इथे अनेक आदिवासी अभ्यासकांचं समाधान झालं नाही, माझंही होत नाही, कारण 1452 चा मजकूर वाचला की गुलाम करण्याची परवानगी त्यातच लिहिलेली दिसते, ती नंतर कुणी घुसडलेली नाही.

पैशांचाही प्रश्न होताच. 2006 च्या निवासी शाळांच्या तडजोडीत कॅनडातल्या कॅथलिक संस्थांनी 2.5 कोटी डॉलर देणग्यांमधून गोळा करायचा प्रयत्न करू असं कबूल केलं होतं, जमले 40 लाखांपेक्षा कमी. 2021 मध्ये तिथल्या बिशपांनी नव्याने 3 कोटी डॉलरचं वचन दिलं.

जमीन परत

ठराव करायला कुणाचं काही जात नाही, पण चर्चच्या नावावर असलेली जागा परत करायला सरकारची वाट बघावी लागत नाही, कोर्टही लागत नाही, विश्वस्तांनी सही केली की झालं.

युनायटेड मेथडिस्ट चर्चचं ओझं यात मोठं आहे. 29 नोव्हेंबर 1864 ला कोलोरॅडोत सँड क्रीकला शायेन आणि अरापाहो लोकांच्या छावणीवर सैन्याने हल्ला करून 200 हून जास्त लोक मारले, त्यात बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. सैन्याचा कर्नल जॉन शिव्हिंग्टन हा मेथडिस्ट पाद्री होता आणि तिथला गव्हर्नर जॉन इव्हान्स हाही मोठा मेथडिस्ट पुढारी. चर्चने 1996 मध्ये माफीचा ठराव केला आणि नंतर स्वतःच्या भूमिकेची सविस्तर चौकशी करून घेतली, तो अहवाल 2016 मध्ये आला.

याच चर्चची दुसरी गोष्ट ओहायोतली. अपर सँडस्कीला वायन्डॉट लोकांमध्ये 1824 मध्ये चुनखडीच्या दगडाचं छोटं मिशन चर्च बांधलं होतं. 1843 च्या जुलैमध्ये वायन्डॉटना ओहायो सोडावं लागलं, ती तिथून घालवलेली शेवटची जमात, गाड्यांमधून सिनसिनाटीपर्यंत आणि तिथून बोटीने कॅन्सस. निघायच्या आधी त्यांनी ते चर्च, बाजूची दफनभूमी आणि साधारण 3 एकर जागा मेथडिस्टांच्या नावावर करून दिली, सांभाळा म्हणून. मेथडिस्टांनी ती सांभाळली, 1889 मध्ये पडकं चर्च दुरुस्तही केलं, आणि 21 सप्टेंबर 2019 ला ओक्लाहोमाहून आलेल्या वायन्डॉट लोकांच्या हातात जागेचा कागद परत दिला. 3 एकर म्हणजे एका राज्याएवढ्या जमिनीपुढे काहीच नाही, पण त्या जागेत पूर्वज आहेत आणि ठेव 176 वर्षांनी मालकाकडे पोचली.

साउथ डकोटातही असं झालं, जेझुइट या कॅथलिक संघाच्या सेंट फ्रान्सिस मिशनने 2017 मध्ये रोझबड सू लोकांना 525 एकर परत द्यायची प्रक्रिया जाहीर केली, ही जमीन 1880 च्या दशकात सरकारने चर्चच्या वापरासाठी दिलेली होती.

प्रत्येक ठिकाणी परत द्यायला काही उरलेलं असतंच असं नाही. न्यूझीलंडमधल्या टौरंगाला चर्च मिशनरी सोसायटीने 1838-39 मध्ये माओरींकडून ते पापाची 1,333 एकर जागा घेतली, माओरींच्याच भल्यासाठी धरून ठेवायची असं म्हणून. 1864 मध्ये इंग्रज फौज आणि माओरी यांच्यात झालेल्या गेट पाच्या लढाईनंतर सरकारने दबाव आणला आणि 1867 मध्ये मिशनने त्यातला चार-पंचमांश भाग सरकारला देऊन टाकला, त्याच्यावर शहर उभं राहिलं. अँग्लिकन चर्चने डिसेंबर 2018 मध्ये न्गाई तामारावाहो आणि न्गाती तापू या जमातींची याबद्दल माफी मागितली. आज तिथे दुकानं, ऑफिसं, रस्ते आहेत.

मराठी माणसांचा या विषयाशी रोजचा संबंध टोरंटो भागात येतो, तिथल्या सरकारी शाळांमध्ये सकाळी ही जमीन कोणाची होती ते मुलांना ऐकवलं जातं, आणि मिसिसागा शहराचं नावच तिथल्या लोकांवरून आहे. त्या लोकांना 1805 च्या टोरंटो खरेदीत अडीच लाख एकरांसाठी 10 शिलिंग मिळाले होते, 2010 मध्ये कॅनडा सरकारने 14.5 कोटी डॉलरवर तो दावा मिटवला.

सध्या उत्तर अमेरिकेत सभासद घटल्यामुळे चर्च बंद पडतायत आणि इमारत विकून पैसे कुठे घालायचे हा प्रश्न मंडळ्यांपुढे आहे. ऑरेगनमधल्या वालोवा गावचं मेथडिस्ट चर्च असंच बंद झालं. वालोवाच्या खोऱ्यातून नेझ पर्स लोकांना 1877 मध्ये हाकललं होतं. 2021 मध्ये चर्चने ती इमारत नेझ पर्स जमातीला देऊन टाकली.